विहिरीची मोटर आणि सम्पचा पंप

घरातली खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ४ फूट बाय दीड बाय दीड, पाणी साधारण २५० लिटर, खालच्या कपाटात सम्प, म्हणजे टाकीतलं पाणी उतरतं ती दुसरी टाकी. क्लाउन माशांची जोडी आणि सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ: झोअँथस, मशरूम, थोडी झेनिया. मुक्काम आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. उन्हाळा चढायच्या आत रिटर्न पंपाचा, म्हणजे सम्पमधलं पाणी परत वर टाकीत चढवणाऱ्या पंपाचा, निकाल लावायचा होता. तो लागला.

जुना एसी पंप ६५ वॅटचा. खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलेलं, आणि मी दीड वर्ष त्याच आकड्यावर विसंबून होतो. एका रविवारी बाबा सम्पसमोर बसून पाहत होते. म्हणाले, "इहिरीवर मोटर बसवाची तं पैले काय इचारतेत? हेड. मंग याचं हेड काऊन नाई पायलं तुनं?"

बरोबरच होतं. हेड म्हणजे पंपाला पाणी किती उंच चढवायचं ते. लगेच टेप लावला. सम्पमधल्या पाण्यापासून टाकीतल्या नोझलपर्यंत साडेचार फूट, म्हणजे १.४ मीटर. त्यात २० मिलिमीटरचा पाइप आणि चार एल्बो. १० लिटरची बादली भरायला २५ सेकंद लागले, म्हणजे ताशी १४४०. खोक्यावरच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, कारण तो आकडा शून्य हेडचा असतो. (बादली नोझलच्या उंचीलाच धरा. खाली धरली की हेड कमी होतं आणि आकडा फुगतो.) मग पाइप २५ मिलिमीटरचा केला, दोन एल्बो काढून तिथे लांब वळणाचे बेंड टाकले. तोच पंप, तीच बादली, २१ सेकंद. ताशी १७०० च्या वर! मोठा पंप घ्यायच्या आधी पाइप बदलून बघा, एवढं मी आता कुणालाही ठासून सांगेन.

टाकीच्या तिप्पट ते पाचपट पाणी तासाला सम्पमधून फिरलं तरी माझ्या टाकीला पुरतं. कोरलला लागणारा प्रवाह वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा वेगळा पंप) देतो, ते काम रिटर्नचं नाही. म्हणजे पाणी आधीही कमी नव्हतं. खरा त्रास उष्णतेचा आणि लाईनचा.

पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट खातो, ते शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरतात. टाकी आणि सम्प मिळून ३०० लिटर धरले तर ६५ वॅट तासाला जवळपास ०.२ अंश चढवतात. हिवाळ्यात ती उष्णता बाहेर निघून जाते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर असताना ती जाणार कुठे? गेल्या उन्हाळ्यात पाणी ३१ वर गेलं आणि झेनियाचा अख्खा गुच्छ वितळून गेला. ते अजून मनातून जात नाही.

दुसरं लाईनचं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की एसी पंप कुरकुरायचा, लाईन जाऊन आली की कधी सुरूच व्हायचा नाही. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा. त्यावर पंप गुणगुणायचा आणि तापायचा. म्हणून २४ व्होल्टचा डीसी पंप घेतला. त्याचा अ‍ॅडाप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे १७० वरही पंप एकसारखा चालतो. सध्या वेग कमी ठेवून २८ वॅट खातो आणि बादली ३० सेकंदांत भरतो, म्हणजे ताशी १२००. मला एवढंच हवं होतं.

आल्या दिवशी बटण दहा वेळा बंद-चालू केलं. डीसी पंपाचा वेग ठरवणारे काही कंट्रोलर लाईन आल्यावर जुना वेग विसरतात किंवा नुसते दिवा लावून बसतात. हा दहाही वेळा त्याच वेगावर परतला.

सायफनकडेही लक्ष द्या. लाईन गेली की पंप थांबतो आणि टाकीतलं पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटं सम्पमध्ये ओढलं जातं. माझ्या टाकीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली की साडेपाच लिटर सम्पमध्ये येतात. नोझल ३ सेंटिमीटर बुडालेलं, म्हणजे १७ लिटर, शिवाय पाइपमधलं वेगळं. उलटं पाणी अडवणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही. मीठ किंवा एखादी गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो. त्यामुळे त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली ५ मिलिमीटरचं भोक पाडलं, पाणी तिथवर उतरलं की हवा शिरून सायफन तुटतो. दर रविवारी ते काडीने साफ करतो, आणि सम्पमध्ये २५ लिटरची जागा मोकळी ठेवतो.

दोघांनी मला विचारलं की कूलरचा पंप का नाही लावत, बाजारात कुठेही मिळतो. गोड्या पाण्याला तो चालतो. खाऱ्या पाण्यात त्यातलं लोखंड गंजतं, आणि कुठे तांबं उघडं पडलं तर कोरल आणि कोळंबी मरतात. तात्पुरता म्हणूनही नको.

जुना एसी पंप व्हिनेगरमध्ये भिजवून, इम्पेलर (आतलं फिरतं पातं) घासून, कोरडा करून कपाटात ठेवला आहे. गावात कुरिअर यायला आठवडा लागतो, तेवढे दिवस टाकी थांबत नाही. सम्पवर दोन छोटे पंखे लावलेत. आमच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी चांगलं थंड होतं, फक्त दिवसाला ८-९ लिटर आरओचं पाणी वाढवावं लागतं. काल दुपारी ३ वाजता खोली ३७, टाकी २७.४. उरलेल्या झेनियाच्या एका फांदीला नवीन हात फुटलेत.