बाईंच्या हजेरीपुस्तकाचा समास

एचआयव्हीच्या क्षेत्रातल्या आपल्या कामाबद्दल लिहा, असं सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र आलं. लिहायला बसलो आणि आठवत राहिल्या त्या बाईच. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी पुरतं.

गैरहजेरीची खूण करून त्यांचं काम संपत नसे. समासात पेन्सिलीनं कारण लिहिलेलं असे. आठवीत माझ्या बाकावरचा मुलगा बरेच दिवस आला नाही, तेव्हा शाळा सुटल्यावर बाईंनी मला त्याच्या घरी पिटाळलं. चप्पल तुटली होती, म्हणून लाजत होता. दुसऱ्या दिवशी तो अनवाणीच आला. आता बोलणी बसणार म्हणून सगळा वर्ग टपलेला. बाई म्हणाल्या, “आलास? बरं झालं. कालची आकृती याच्या वहीतून काढून घे.” समासात एकच शब्द होता : चप्पल.

मी पुढे ज्या आजाराच्या मागे लागलो, त्यावर सुरुवातीला देण्याजोगं फारसं काही नव्हतं. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि खाटेला खिळलेली माणसं कामावर जाऊ लागली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, रक्तातल्या सीडी४ या प्रतिकारपेशींची संख्या कितीही असो, निदान झालं की औषधं सुरू करा. गोळ्या नियमित घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. पण तो पेशींच्या डीएनएत दडून असतोच. गोळ्या थांबल्या की बहुधा काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो. त्यामुळे ओपीडीत कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, हे मी आधी विचारतो. संशोधनातही तेच. मधेच सुटलेले रुग्ण वगळले की निष्कर्ष फार गोजिरे दिसतात.

गोळ्या चुकवून आलेल्या रुग्णावर नवे रेसिडेंट खेकसतात. तो मग पुढच्या खेपेला येत नाही, किंवा ‘सगळ्या घेतल्या’ म्हणून सांगतो. मी त्यांना पहिलं वाक्य शिकवतो : “आलात, बरं झालं.” औषधाचे डोस त्यानंतर. पुरस्कार-बिरस्कार घेताना मोठमोठ्या मार्गदर्शकांची नावं घेतली. हे वाक्य कुणाचं, ते मात्र आज प्रथमच लिहितोय.

परवा शाळेत आलो तेव्हा हजेरी टॅबवर लागताना पाहिली. पालकांना मेसेज आपोआप जातो म्हणे. सोय आहे, नाही कोण म्हणतं? पण त्यात समास नाही. मुख्याध्यापकांना विनंती, कारणाचा एक रकाना त्यात घालून घ्या. आणि बाईंची जुनी हजेरीपुस्तकं कपाटात असतील तर रद्दीत देऊ नका, मला कळवा. मी स्वतः येऊन नेईन.