कसाने ते माऊन, चाकांतली हवा सोडून

बोट्सवानातल्या कसानेहून निघालो तेव्हा गाडीच्या दोन्ही टाक्या डिझेलने भरलेल्या, मागे पाण्याचे कॅन, टपावर घडीचा तंबू आणि डब्यात मूगडाळ-तांदूळ. चोबे, सावुती, ख्वाई आणि मोरेमी करत आठ दिवसांत माऊनला पोचायचं होतं. इथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे गाडी मीच घेतली. कॅम्पची जागा मात्र दहा महिने आधी धरून ठेवली होती; बुकिंग नसेल तर या अभयारण्यांत मुक्काम करता येत नाही.

काचिकाऊला डांबर संपतं. तासाभरात आम्ही रुतलो. गाडी मंदावतेय असं वाटलं की पाय नकळत अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि चाकं जागच्या जागी फिरून वाळूत आणखी खोल जातात. माझं नेमकं तेच झालं. नवरा म्हणाला, "अगं, थांब आता. खाली उतरून बघू." पण उतरायच्या आधी आम्ही दोघांनी चारी बाजूंचं झुडूप नीट न्याहाळलं, कारण ताज्या लिदीवरून हत्ती जवळपास असल्याचं कळत होतं. मग फावड्याने चाकांपुढची वाळू काढली आणि टायरांतली हवा कमी केली. डांबरावर पस्तीस पीएसआय ठेवली होती, ती वीसवर आणली. टायर पसरट झाले की वाळूवर जास्त जागा धरतात. लो गिअर टाकून आधी आपल्याच चाकोरीतून मागे आले, मग एका चालीत पुढे. गाडी निघाली तेव्हा माझे हात थरथरत होते.

दर थांब्याला गाडीखाली वाकून बघायचा नेमही तिथेच लागला. दोन चाकोऱ्यांमधलं वाळलेलं गवत पोटाखाली, सायलेन्सरजवळ अडकतं आणि पेट घेऊ शकतं.

सावुतीचा प्रवाह १९८० च्या दशकात आटला आणि २०१० च्या सुमारास पुन्हा वाहिला. मधल्या कोरड्या काळात हत्ती पाण्यासाठी कॅम्पवरचे नळ उखडायचे, म्हणून तिथल्या न्हाणीघराभोवती जाड भिंत आहे. कॅम्पला मात्र कुंपण नाही. रात्री दोनच्या सुमाराला फांदी मोडल्याचा आवाज आला. तंबूच्या जाळीतून पाहिलं तर शिडीपासून दहा-बारा पावलांवर हत्ती उभा. आम्ही टॉर्च लावला नाही, बोललो नाही. त्याच्या पोटातली गुरगुर स्पष्ट ऐकू येत होती. अर्ध्या तासाने तो गेला. इतका अवजड प्राणी, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. ती रात्र मी जन्मभर जपून ठेवणार आहे.

मोरेमीत अडचण उलटी, पाण्याची. एरवी पाण्यातून गाडी घालण्याआधी चालत जाऊन खोली बघतात, पण इथे मगरी आणि पाणघोडे असल्याने ते करायचं नाही. पलीकडून एक गाडी येईपर्यंत थांबलो, तिच्या चाकाला पाणी कुठवर लागतं ते पाहिलं आणि तिच्याच मागावरून, गिअर न बदलता, पार झालो. तिथला थर्ड ब्रिज म्हणजे मोपाने झाडाच्या ओंडक्यांचा साकव. चाकाखाली ओंडके खडखडतात आणि खाली लव्हाळ्यांतून स्वच्छ पाणी वाहतं.

माऊनच्या वाटेवर पशुवैद्यकीय नाका लागला. लाळ्या-खुरकूत पसरू नये म्हणून कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत. आमच्या फ्रीजमध्ये भाज्या आणि दही; बुटांचे तळवे औषधी पाण्यात बुडवून आम्ही सुटलो.

गावात शिरण्याआधी कॉम्प्रेसर लावून चारही चाकं पुन्हा पस्तीसवर आणली. आकाशात ढगाचं नाव नव्हतं, तिथे महिनोन्‌महिने पाऊस नव्हता, आणि पुलाखाली थामालाकाने नदी भरून चालली होती. ते पाणी अंगोलाच्या डोंगरांत वर्षाच्या सुरुवातीला पडलेल्या पावसाचं. ओकावांगो त्रिभुज प्रदेशाच्या सपाटीवरून सरकत इथे पोचायला त्याला महिने लागतात. आम्ही पुलाजवळ गाडी लावून अंधार पडेपर्यंत ते पाहत राहिलो.