माशी दिसेना! कोलोरॅडोत मझललोडरला, म्हणजे ठासणीच्या बंदुकीला, साइट बसवण्याचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकतो, हे लिहायला बसलोय ते बंदुकीच्या दुकानातल्या त्या काउंटरवरच्या माणसाच्या रागाने. शिकारीत एल्क (इथलं मोठं हरीण) मिळालं, मटण फ्रीझरमध्ये आहे, सगळं पार पडलं, तरी त्या दुकानापायी गेलेले सात आठवडे काही डोक्यातून जात नाहीत.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, डुकरं भाताची नासाडी करायची म्हणून. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंदच झाली, त्यामुळे मी ती बंदूक बघितली ती भिंतीवर किंवा तेलाच्या फडक्यात, आणि कधीतरी नुसता हवेत बार काढताना. नळीच्या टोकावरच्या मण्याला आजोबा माशी म्हणायचे. इथे सगळे फ्रंट साइट म्हणतात, पण माझ्या डोक्यात ती माशीच आहे, तेव्हा मी तेच लिहिणार.

हंटर एज्युकेशनचा कोर्स, एप्रिलमधला ड्रॉचा (लायसन्सच्या सोडतीचा) अर्ज, लायसन्स, हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते माशीपाशी.

कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये नऊ दिवसांचा मझललोडरचा वेगळा सीझन असतो. एल्कचा माजाचा काळ, नर शीळ घातल्यासारखे ओरडत असतात, गर्दी कमी, हवा मस्त. पण या सीझनला स्कोप चालत नाही. बॅटरीवालं, दिवा असलेलं काहीही चालत नाही. लोखंडी साइट पाहिजे, म्हणजे पुढे माशी आणि मागे तिला रेषेत धरायला खाच किंवा भोक, त्यावर फायबर ऑप्टिक (उजेड टोकाला आणणारी रंगीत काडी) किंवा चमकणारा रंग असला तर चालतो. पावडरही सुटी लागते, पेलेट (पावडरच्या दाबून केलेल्या वड्या) नाही, सॅबो (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टन) नाही, आणि एल्कसाठी नळी कमीत कमी .५० कॅलिबरची. (दर वर्षीची नियमांची पुस्तिका स्वतः उघडून वाचा, माझ्या किंवा कुणाच्या भरवशावर राहू नका.) आणि वेळ? सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. आता गंमत अशी की एल्क दिवसभर दाट स्प्रूसच्या अंधारात बसतं आणि मोकळ्या गवतात येतं ते नेमकं या शेवटच्या अर्ध्या तासात. म्हणजे कायदा म्हणतो मार, जनावर समोर आहे, आणि तुम्हाला तुमची स्वतःची माशी दिसत नाही.

२०२३ ला माझं हेच झालं. मीकर गावाच्या वरच्या अंगाला, ॲस्पेनच्या कडेला बसलो होतो, बंदुकीवर कारखान्यातनंच आलेली फायबरची साइट, पुढे लाल ठिपका, मागे दोन हिरवे. दुकानात ट्यूबलाइटखाली तीन ठिपके दिवाळीतल्या माळेसारखे लकाकत होते, मी खूश. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली आणि साठ यार्डावर नर आला. बंदूक वर घेतली तर मागची खाच नुसती काळी धूसर, लाल ठिपका विझलेला, आणि त्या सगळ्याच्या मागे एक मोठ्ठं तपकिरी काहीतरी. गोळी मारली नाही, अंदाजाने मारायची हिंमत झाली नाही. तो निवांत चरला आणि गेला. घरी बायको म्हणाली, अरे मग चष्मा लावायचा ना. चष्मा लावलेलाच होता गं!

मग वाचत बसलो तेव्हा कळलं की यात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. चाळिशीनंतर डोळ्याला जवळ-लांब फोकस बदलणं अवघड होत जातं, आणि इथे तर तीन गोष्टी बघायच्या असतात, हाताएवढ्या अंतरावरची खाच, त्याच्या पुढे माशी, आणि साठ-सत्तर यार्डावरचं जनावर. भर उन्हात बाहुली बारीक असते म्हणून सगळं थोडंथोडं तरी दिसतं. अंधारात बाहुली मोठी होते आणि धूसरपणा दुप्पट. म्हणजे ज्या वेळी नेमकं दिसायला पाहिजे त्याच वेळी सगळ्यात कमी दिसतं. आणि लाल रंग अंधुक उजेडात सगळ्यात आधी मरतो, डोळा हळूहळू हिरव्या-निळ्याकडे सरकतो. फायबरला स्वतःचा उजेड नसतो, आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाला आणतो एवढंच, झाडाखाली गोळा करायला उजेडच नसेल तर तो तरी काय करणार.

उपाय पीप साइट. मागची खाच काढून टाकायची आणि डोळ्याच्या बरंच जवळ एक भोक बसवायचं. भोकाकडे बघायचं नाही, भोकातून बघायचं, डोळा आपोआप मधोमध येतो. तीनातली एक गोष्ट कमी झाली. भोकात बारीक छिद्राची चकती लावली तर माशी आणि निशाण दोन्ही चक्क कोरल्यासारखे दिसतात, पण उजेड कमी होतो. संध्याकाळी चकती फिरवून काढून खिशात टाकायची, नुसतं मोठं कडं उरतं, त्याला घोस्ट रिंग म्हणतात, आणि उजेड भरपूर येतो. नेम थोडा सैल होतो पण एल्कच्या छातीला तेवढा पुरतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

तर मे महिन्यात पीप आणून बसवली. रेंजवर गेलो, पंचाहत्तर यार्डावर कागद लावला आणि पहिली गोळी बरीच वर. पीप खाली केली, अजून खाली केली, पार तळाला टेकली. तरी नऊ इंच वर. कारण साधं आहे, पीप जुन्या खाचेपेक्षा उंच बसते, मागचं वर गेलं की गोळी वर जाते. मग पुढचीही वर न्यायला पाहिजे, म्हणजे माशी उंच पाहिजे.

आणि इथून दुकान सुरू झालं.

दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवर एक तिशीतला मुलगा, दाढी, कॅमोची टोपी, आत्मविश्वास खच्चून भरलेला. मी म्हटलं गोळी वर लागतेय, उंच माशी हवी. तो म्हणाला, सर, वर लागतेय ना, मग खालची माशी घ्या. मी म्हटलं नाही, उलट असतं. माशी बुटकी झाली की तिला रेषेत आणायला नळी वर करावी लागते, गोळी अजून वर जाईल. तो हसला. कसा हसला ते सांगता येत नाही, पण आपला उच्चार ऐकून काही लोक जसं हसतात तसा. स्टॉकमध्ये नाही, ऑर्डर टाकतो, आठ-दहा दिवस. मी मुकाट्याने पैसे भरले, हीच माझी चूक, पावतीवर उंचीचा आकडा लिहून घ्यायला पाहिजे होता.

सतरा दिवसांनी माशी आली. त्याने त्याला पाहिजे तीच मागवली होती, बुटकी. मी तरी लावून बघितली, म्हटलं चुकत असेल आपलंच, शेवटी तो रोज हेच करतो. गोळी चौदा इंच वर!

परत गेलो. या वेळी गणित कागदावर लिहून नेलं, ते इथेही लिहितो कारण सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. गोळी किती इंच चुकतेय गुणिले दोन साइटमधलं अंतर इंचात, भागिले निशाणाचं अंतर इंचात. माझं: ९ गुणिले ३०, भागिले २७००. पंचाहत्तर यार्ड म्हणजे २७०० इंच. उत्तर ०.१ इंच, अडीच मिलिमीटर. एवढीच उंच माशी हवी होती मला, तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षा जराशी जास्त, आणि त्यासाठी माझा अख्खा जून गेला. मुलाने कागद बघितला, मान हलवली, आणि म्हणाला की कॅटलॉगमध्ये उंची दिलीय, हीच बरोबर बसेल. परत बारा दिवस.

ती आली तर कागदोपत्री उंची बरोबर आणि बंदुकीवर बुटकी. घरी कॅलिपर लावला तेव्हा ट्यूब पेटली. कोणी कंपनी उंची मोजते नळीच्या वरपासून, कोणी खालच्या खोबणीच्या तळापासून, कोणी मण्याच्या डोक्यापर्यंत, कोणी मण्याच्या मध्यापर्यंत. आकडा एकच, माशा वेगळ्या. दुकानदाराला हे माहीत नसावं? आणि वर लाल फायबर, मी तीनदा हिरवं म्हटलं होतं. परत करायला गेलो तर म्हणे पाकीट फोडलंय, वीस टक्के कापून घेऊ. त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी मालवणीत जे काही बोललो ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्यांदा ऑर्डर टाकली. का टाकली मला माहीत नाही, पैसे अडकले होते म्हणून असेल. "बॅकऑर्डर" असा मेसेज आला, मग काहीच नाही. जुलै संपला. फोन केला की तोच मुलगा, सर, एनी डे नाऊ.

सुटका केली ती रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने. सत्तरी पार, दोन बाकं सोडून स्वतःची बंदूक भरत होता. माझी कहाणी ऐकली, हसला (हा चांगला हसला) आणि म्हणाला, अरे पोरा, फायबर सोड. साधी पोलादी पट्टीची माशी घे, मुद्दाम जास्त उंच, आणि कानशीने घासत जा. उंच असेल तर गोळी खाली लागेल, घासशील तशी वर येईल. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. फायबरवाली घासता येत नाही हा तिचा मोठा दोष. पट्टी ऑनलाइन मागवली, चार दिवसांत दारात. घेताना आपल्या नळीवरची खोबणी मोजून घ्या, साधारण ३/८ इंचाची असते, पण काही बंदुकांना खोबण नसून स्क्रूची भोकं असतात, मग ही वस्तू बसणार नाही.

दोन शनिवार गेले घासण्यात. तीन गोळ्या, दोन-चार हात कानस, परत तीन गोळ्या. शेवटी मागच्या बाजूचा माथा तिरका घासला, पंचेचाळीस अंशात, म्हणजे वरच्या आभाळाचा उजेड त्या उतारावर पडून डोळ्याकडे येतो. त्यावर आधी पांढऱ्या करेक्शन फ्लुइडचा एक हात आणि वरून बायकोच्या नेलपॉलिशचा, तो चमकणारा पिस्ता रंग. खाली पांढरं नसेल तर तो रंग मळकट दिसतो, हे मी एकदा न लावता करून बघितलंय.

चष्म्याचं सांगायचं राहिलंच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बंदूक नेता येत नाही, म्हणून झाडूचा दांडा नेला, डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून तिथे टाचणी टोचून. त्या बाईंनी दांडा बघितला, माझ्याकडे बघितलं, पण मग मन लावून काम केलं. लांबच्या नंबरात +०.५० वाढवून एक वेगळा चष्मा करून दिला. माशी स्वच्छ, लांबचं किंचित मऊ. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर बंदुकीवर मान झुकवल्यावर आपण काचेच्या भलत्याच कोपऱ्यातून बघतो, तेव्हा साधी एकाच नंबराची काच बरी.

आता उजेडाची परीक्षा. रेंज संध्याकाळ व्हायच्या आत बंद होते, म्हणजे ज्या वेळेसाठी साइट घ्यायची त्या वेळेला ती कुठे तपासताच येत नाही. घराच्या मागच्या अंगणात बंदूक वर केली तर शेजारी पोलिसांना बोलावतील. ऑगस्टच्या शेवटी नॅशनल फॉरेस्टमध्ये गेलो, साठ पावलांवर झाडीच्या कडेला खोक्यावर जुनी तपकिरी चादर टाकली, बंदूक रिकामी आहे हे गज आत टाकून त्याच्यावरच्या खुणेने पक्कं केलं, आणि सूर्यास्तापासून घड्याळ लावून नुसता नेम धरत बसलो. बारीक चकती पाच मिनिटांत अंधारली. मित्राची जुनी तीन ठिपकेवाली साइट उसनी आणली होती, तिची खाच बाराव्या मिनिटाला गेली. नुसतं कडं आणि पिस्ता माशी सव्वीस मिनिटांपर्यंत दिसत होती, शेवटी शेवटी फिक्कट, पण चादरीवर कुठे आहे ते कळत होतं. पांढरा कागद लावून बघू नका, त्याच्यावर काहीही दिसतं. एल्क पांढरं नसतं.

मणी किंवा पट्टी जाड घ्यायचा मोह होतो, दिसायला सोपी म्हणून. हिशोब असा: ०.०६ इंचाची माशी डोळ्यापासून छत्तीस इंचांवर असेल तर शंभर यार्डावर सहा इंच झाकते. त्याहून फार जाड नको.

२०२४ च्या सीझनला लायसन्स मादीचं होतं. चौथ्या संध्याकाळी, नारिंगी जाकिटात डास चावून घेत बसलो होतो, कडेच्या झाडीतून तीन माद्या आल्या, शेवटची पंचावन्न यार्डांवर आडवी उभी राहिली. कायद्याच्या वेळेतली नऊ मिनिटं शिल्लक. चकती खिशात होती. पिस्ता रंगाची माशी तिच्या खांद्यामागे जाऊन बसली, चाप ओढला, आणि पुढे धुराशिवाय काही दिसलं नाही, पण ती चाळीस पावलांत पडली होती. रात्री दीडपर्यंत मटण वाहत होतो. सुकं केलं, घरचा मालवणी मसाला, आजोबांनी नक्की दुसऱ्यांदा वाढून घेतलं असतं.

तिसरी ऑर्डर ऑक्टोबरमध्ये आली. लाल.

आणि हो, नळी साफ करताना सॉल्व्हंट माशीवर सांडू देऊ नका, नेलपॉलिश निघून जातं, माझं गेलंय. परत लावायचंय, पण बाटली बायकोने कुठेतरी लपवून ठेवलीय.