क्लीव्हर नं. १४ : निघाला एकदाचा!

मंडळी, निघाला. अश्मयुगातल्या माणसाचा क्लीव्हर, म्हणजे रुंद आडव्या धारेचं दगडी हत्यार, तसाच दगडावर दगड मारून घडवायचा माझा खटाटोप चाललाय. चौदाव्या खेपेला का होईना, पण निघाला. परवा रविवारी सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, बत्तीस किलोच्या काळ्या धोंड्यातून एकवीस सेंटीमीटरचा एकसंध कपचा (फ्लेक) सुटला आणि मी हातातला ठोकायचा गोटा तसाच धरून येड्यासारखा उभा राहिलो. बायको गच्चीवरून ओरडली, "काय झालं, परत बोट गेलं का?" (अंगठ्याचा फोटो ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी : नख आलंय, धन्यवाद.)

मागच्या अपडेटमधे रागाच्या भरात मी लिहून बसलो होतो की आपल्याकडच्या बेसॉल्टमधे, म्हणजे ह्या काळ्या दगडात, क्लीव्हर होतच नाही. ते शब्द मागे घेतो. तेव्हाच एकानं सुनावलं होतं की चिरकी-नेवाशाला पुरातत्त्ववाल्या गुडरून कॉर्विनस बाईंनी १९६६ ते ६९ खणून काढलेले क्लीव्हर मग कशाचे होते, साबुदाण्याचे? बरोबरच आहे, तिथं बेसॉल्ट आणि त्याचाच भाऊबंद डोलेराइटच आहे, आणि आमच्या पैठणहून नेवासा काय फार लांब नाही. दगड तोच, हात आपला कच्चा. पण अर्धीच चूक हाताची होती हं, उरलेली अर्धी दगडाची, तेच सांगायला बसलोय.

नं. ५ ते ११ आठवतायत ना, सगळे भलतीकडंच फुटलेले. ठोका बरोबर बसायचा, ठोकायच्या कडेचा कोन सत्तर-पंच्याहत्तर अंशांच्या आसपास, तरी फ्लेक सुटायच्या ऐवजी अख्खा कोअरच (ज्यातून कपचा काढायचा तो धोंडा) पाचरीसारख्या तीन-चार तुकड्यांत पडायचा. मी काय काय नाही बदललं! साडेतीन किलोचा गोटा सोडून साडेचारचा घेतला, कोअर जमिनीवर ठेवायच्या ऐवजी वाळू भरलेल्या ट्रकच्या टायरमधे बसवला (हे मात्र झकास आहे, सगळ्यांनी करा, कोअर हलत नाही आणि पायही वाचतात). ऑनलाइन एक तांब्याचा हातोडा पण मागवला, साडेबाराशे गेले, फोटोत भरीव दिसतो आणि हातात घेतल्यावर कळतं की नुसती नळी आहे. बेसॉल्टवर त्याचा उपयोग शून्य, सध्या खलबत्त्याचं काम करतो.

तर मार्चमधे नाथषष्ठीच्या यात्रेत पाटे-वरवंटे विकणारे एक पाथरवट मामा बसले होते, त्यांना सहज नं. ११ चा तुकडा दाखवला. मामांनी तो नुसता हातात फिरवला अन् म्हणाले, "सर, ह्यो सुरुंगाचा दगड हाय. ह्येला आतून मार बसलाय. ह्याचा पाटा बी व्हत न्हाई, तुम्ही कुऱ्हाड काहून करताव?"

डोक्यात लख्ख उजेड! माझे सातही कोअर खडी केंद्रावरून फुकट आणलेले. सुरुंग लावून काढलेला दगड वरून ठणठणीत दिसतो, पण आत केसाएवढ्या चिरांचं जाळं असतं, तुमच्या ठोक्याचा जोर फ्लेकच्या वाटेनं जातच नाही, तो त्या चिरांतून पळतो. सहा महिने मी मनगटाला शिव्या देत होतो.

मग मामांनी दोन परीक्षा शिकवल्या. एक, दगड अधांतरी धरायचा किंवा कडेवर टेकवायचा आणि छोट्या गोट्यानं वाजवायचा, चांगला असेल तर खणकन वाजतो, फुटका असेल तर बद्द. दुसरी लई भारी : दगडावर पाणी ओतायचं आणि "बिडी वढून व्हस्तवर" थांबायचं. बाकीचा पृष्ठभाग वाळतो पण चिरेत पाणी धरून राहतं, त्यामुळं चीर काळ्या रेघेसारखी उठून दिसते. घरी येऊन उरलेल्या तुकड्यांवर पाणी मारलं तर काय सांगू, नुसती जाळीच जाळी, टाचांना भेगा पडाव्यात तशी. बिनबिडीवाल्यांनी सात-आठ मिनिटं धरा, आणि हे सावलीत करा, उन्हात सगळंच एकदम वाळतं.

मामांकडून छिन्नी-पाचरीनं काढलेले, सुरुंग न लागलेले तीन धोंडे घेतले, साडेसातशे रुपये आणि शेजाऱ्याच्या छोट्या हत्तीचं भाडं वेगळं. फुकटच्या दगडापायी जे वाया गेलं त्यापुढं हे काहीच नाही.

तरी नं. १२ आणि १३ फसलेच! यावेळी कपचे मोठे आणि एकसंध निघाले, पण पुढची धार जाड. मी बसलो ती धार ठोकून-ठोकून पातळ करत आणि क्लीव्हरच्या ऐवजी तयार झालं बोथट फावडं. मग डेक्कन कॉलेजच्या म्युझियममधे पूर्वी काढलेले फोटो मोठे करून बघत बसलो, तेव्हा दिसलं की ओरिजनल क्लीव्हरच्या धारेवर एकसुद्धा ठोका नाही. कडा ठोकल्यात, बूड ठोकलंय, धार कोरी. म्हणजे ती धार नंतर करायचीच नसते, कपचा कोअरवरून सुटायच्या आधीच ती ठरलेली असते. आधी कोअरच्या तोंडावर आडवा एक कपचा काढायचा, त्याचा गुळगुळीत व्रण राहतो, मग मोठा फ्लेक असा मारायचा की त्याचं टोक बरोबर त्या व्रणात जाऊन संपेल. वरचा व्रण आणि खालची पोटाकडची बाजू (कपचा कोअरपासून जिथून सुटतो ती) यांची जिथं गाठ पडते तीच धार, वस्तऱ्यासारखी, फुकटात. पुस्तकात हे मी दहादा वाचलंय हो, पण हातानं चुकल्याशिवाय डोक्यात शिरलं नाही.

तर नं. १४ : आडवा कपचा दुसऱ्या ठोक्याला, कोअर फिरवला, ठोक्याच्या जागेची कड वाळूच्या दगडानं घासून भक्कम केली (हे गाळलंत की कडेचा नुसता भुगा होतो), दोन्ही हातांनी गोटा उचलून एकच ठोका. आवाजच वेगळा आला, खट्ट आणि मागून एक बारीक किणकिण. धार भरली साडेआठ सेंटीमीटर. बाभळीची मनगटाएवढी फांदी अठरा मिनिटांत तोडली, धारेचे दोन बारीक टवके उडाले, बस.

हथनोरा पेटीचं सांगायचं राहिलं. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी : नर्मदाकाठी हथनोराला ५ डिसेंबर १९८२ ला जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) अरुण सोनकियांना जी आदिमानवाची कवटी मिळाली, आधी होमो इरेक्टस ह्या जुन्या मानवजातीची म्हटलेली आणि १९९१ मधे केनेडी वगैरेंनी आर्केइक सेपियन्समधे, म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या रूपात टाकलेली, तिच्याभोवती शाळेत दाखवायची पेटी करतोय. कवटीचं कागदाच्या लगद्याचं मॉडेल तयार आहे, पण मूळ कवटीची उजवी बाजूच जास्त मिळालीय, म्हणून तीच दाखवायची असून मी गडबडीत डावी पण पूर्ण केली, ती कापायची आहे. हातकुऱ्हाडी दोन झाल्या, आता क्लीव्हर. तिकडची हत्यारं बहुतेक क्वार्टझाइट नावाच्या दगडाची, माझी बेसॉल्टची, तसं चिठ्ठीवर ठळक लिहिणार, पोरांना उगाच फसवायचं नाही.

आणि ताडपत्रीचं परत सांगतो, कंटाळलात तरी : ठोकायचं ते ताडपत्री अंथरूनच, म्हणजे सगळा कचरा गोळा करता येतो. नं. १४ चा कचरा नऊ किलो भरला, सगळा खड्ड्यात, सोबत दोन रुपयाचं नाणं, म्हणजे पुढं कुणी उकरलं तर हे आजचं आहे हे कळेल. गोदावरीपलीकडं मुंगी गावाच्या गाळात वीन नावाच्या साहेबाला १८६० च्या दशकात अश्मयुगातला अकिकाचा कपचा सापडला होता, त्यामुळं या पट्ट्यात आपली कपची नदीत टाकणं म्हणजे पुढच्या माणसाशी बेइमानी. नदीत खरं काही दिसलं तर स्केल ठेवून फोटो आणि जागा पुरातत्त्व खात्याला, खिशात नाही.

पुढचा नंबर खरं तर गारगोट्या तापवायचा होता, गुजरातेतल्या खंभातच्या मणीवाल्यांसारख्या मडक्यात, गोवऱ्यांवर. पण हे लिहिता लिहिता सुचलं, नं. १२ चा तो जाड कपचा पडलाय, त्याच्या पोटावर फुगवटा मस्त आहे, त्यालाच कोअर धरून कोम्बेवा फ्लेक काढला तर? दोन्ही बाजूंनी पोट, सगळीकडून धार. मडकी राहू देत, आधी हे. खंभातला मणी घडवायला म्हशीच्या शिंगाचा हातोडा वापरतात, तो कुणी करून पाहिलाय का? सांबराच्या शिंगाचं नाव काढू नका, गळून पडलेलं असलं तरी कायद्यानं बंदी आहे.

काल नं. १४ मामांना नेऊन दाखवला. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला, मान डोलावली. "धार बरी हाय. पर दांडा कुठंय?" म्हटलं दांडा नसतो मामा, असाच मुठीत धरायचा. "मग तळहात कापंल की वो." घरी येऊन बघतो तर डावी कड मी बोथट केलीच नव्हती आणि माझ्या तळहातावर एक बारीक लाल रेघ. नं. १४ परत ताडपत्रीवर.