पाकिटातली तारीख

लायसन्स हा पाकिटातला सगळ्यात कमी वाचला जाणारा कागद. पोलिसाने मागितलं तर दाखवायचं, फोटो पाहून घरच्यांनी हसायचं, की पुन्हा आत. विम्याच्या हप्त्याचा मेसेज येतो, सिलिंडरचा येतो. लायसन्स मात्र गुपचूप संपतं. पूर्वी संपल्यावरही तीस दिवस ते चालायचं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने ती मेहेरबानी काढून घेतली. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी ते कार्ड म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी आधी तीच तारीख पाहते.

बदल्यात दुरुस्तीने एक चांगली गोष्ट दिली. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि संपल्यावर वर्षभर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ते दुसरं वर्षही हुकलं, तर चाचणी नव्याने. वीस वर्षं बडोद्यात दांडिया बाजारच्या गर्दीतून स्कूटर काढणाऱ्या माणसानेही दर्जीपुऱ्याच्या आरटीओत जाऊन गाडी चालवून दाखवायची.

मुदतीचं गणित वयाशी बांधलेलं आहे. तिशीच्या आत असाल तर चाळीस पूर्ण होईपर्यंत. तीस ते पन्नासच्या दरम्यान सरळ दहा वर्षं. पन्नास ओलांडली पण पंचावन्न झाली नाहीत, तर साठीपर्यंत. पंचावन्नपासून पुढे दर पाच वर्षांनी हजेरी. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण कायदा करणाऱ्यांनी पाच वर्षं आधीच मनावर घेतलेली दिसते. दुरुस्तीपूर्वीच्या कार्डांवर हिशेब वेगळा होता: वीस वर्षं किंवा वयाची पन्नास, जे आधी येईल ते. म्हणून शेजाऱ्याच्या कार्डावरून आपली तारीख काढू नये. रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्यांच्या कार्डावर तर दोन तारखा असतात. ‘टीआर’पुढची पाच वर्षांची, ‘एनटी’पुढची खासगी गाडीची. संपते ती बहुधा न वाचलेली.

अर्ज करायचा तो परिवहन खात्याच्या ‘सारथी’वर. (पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो ना, ते आधी बघा, हुबेहूब दिसणारी दुकानं बरीच आहेत.) नाव छान आहे. फरक एवढाच की अर्जुनाला रथात बसण्याआधी कॅप्चा भरावा लागला नव्हता. राज्य गुजरात निवडायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची. इथेच पहिली ठेच लागते. नव्या साच्यात राज्याची दोन अक्षरं, आरटीओचे दोन आकडे, मग एक मोकळी जागा, मग वर्षाचे चार आणि शेवटी सात आकडे. बडोद्याचं असेल तर सुरुवात ‘जीजे ०६’ने. जुन्या लायसन्सचा क्रमांक तोकडा असतो. तो सात आकड्यांचा होईपर्यंत त्याच्या डावीकडे शून्यं लावायची. तरीही ‘नोंद सापडत नाही’ आलं, तर बहुधा जुन्या पुस्तकातली ती नोंद संगणकात चढलेलीच नाही. ते काम कचेरीतच होतं, घरी कितीही वेळा बटण दाबलं तरी नाही.

दुसरी ठेच नावाची, आणि ती खास आपल्या गावची. आधारच्या ओटीपीवर ओळख पटवून कचेरीची फेरी वाचवता येते, पण त्यासाठी आधार आणि लायसन्स यांच्यावरचं नाव आणि जन्मतारीख जुळायला हवी. बडोद्यातल्या मराठी माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. शाळेच्या दाखल्यावर वसंत, घरच्या वळणाने कुठे वसंतराव, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने आपुलकीने केलेला वसंतभाई. बायकांच्या नावामागे ‘बेन’ असंच येऊन बसतं. आडनाव गायकवाड असेल तर इंग्रजीत राजवाड्याच्या थाटाने ‘ए-ई’ लिहायचं की इतरांसारखं ‘ए-आय’, याचा निकाल एकाच घरात दोन प्रकारे लागलेला असतो. संगणकाला हा जिव्हाळा कळत नाही. त्याच्या दृष्टीने ही निरनिराळी माणसं आहेत. तेव्हा आधी आधार नीट करून घ्यावं, किंवा लायसन्सवरचं नाव बदलण्याची सेवा त्याच अर्जात खूण करून घ्यावी. घर बदललं असेल तर पत्त्याचंही तसंच. एका अर्जात अनेक सेवा निवडता येतात. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हेही आधी पाहा, नाहीतर ओटीपी जुन्या सिमवर जाऊन पडतो.

मग फोटो आणि सही. दोन्ही जेपीजी, दहा ते वीस केबीच्या आत. फोटो ४२० बाय ५२५ पिक्सेल, सही २५६ बाय ६४. फोनचा एक फोटो चार एमबीचा म्हटला, तर तो मर्यादेच्या दोनशे पट होतो! आयफोनचा फोटो जेपीजी नसतोच कित्येकदा, तो आधी बदलावा लागतो. सहीची चौकट रुंदीच्या पाव उंचीची, म्हणजे आडवी पट्टी. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही करावी, उजेडात फोटो काढावा, आणि सहीच्या अगदी कडेने कापावा. भोवती कागद सोडला तर सही मुंगीएवढी होते आणि कार्डावरही तशीच छापून येते. आकार कमी करायला फोनमधलंच एडिटिंग वापरावं. आपला फोटो आणि सही कुठल्या तरी फुकट वेबसाइटवर चढवण्याइतकी घाई नसते.

चाळिशी उलटलेल्यांना, आणि ‘टीआर’वाल्यांना कुठल्याही वयात, डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म १-ए. त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का असतो, पण नोंदणी क्रमांक राहून गेला की अर्ज परत येतो. तो दवाखान्यातून निघण्याआधीच वाचून घ्यावा. बाकीच्यांना फॉर्म १, स्वतःच्या तब्येतीबद्दलची स्वतःचीच कबुली. फिट येते का, रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवा ओळखता का, हॉर्न ऐकू येतो का, आणि चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का, चष्म्यासह चालेल. मुदतीत अर्ज केला तर गाडी चालवता येते का, हे मात्र कोणी विचारत नाही. पंचवीस मीटर म्हणजे साधारण पस्तीस पावलं. रस्त्यावर उभं राहून एकदा पाहावंच. ‘नाही’वर डोळे झाकून खुणा करत जाणाऱ्यांनी तर विशेष.

पैशांचं थोडक्यात. केंद्राच्या नियमाप्रमाणे नूतनीकरणाचे दोनशे, कार्डाचे वेगळे दोनशे, वर राज्याचं काही असेल ते. सवलतीची मुदत (गाडी चालवण्याची नव्हे, अर्ज करण्याची) गेली की दोनशेचे तीनशे होतात, शिवाय उशिराच्या प्रत्येक वर्षाला किंवा त्याच्या भागाला हजार. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर पुन्हा भरू नका. अर्ज क्रमांक घेऊन पेमेंटची स्थिती तपासण्याचा पर्याय तिथेच आहे. तो क्रमांक पहिल्या पानावरच कागदावर उतरवून ठेवा. मध्येच लाइट गेली तरी त्याच्यावर आणि जन्मतारखेवर अर्ज पुढे चालू होतो.

नवी तारीख नोंदीत चढली की ती डिजिलॉकरमध्ये दिसते, आणि तेही लायसन्सच धरलं जातं. फक्त तिथली जुनी प्रत ताजी करून घ्यावी लागते, आपोआप बदलत नाही कित्येकदा. कार्ड मागाहून पोस्टाने. ते आलं की आधी नाव, रक्तगट आणि तारीख वाचा, मग पाकिटात. ती तारीख कालनिर्णयावर लिहिता येत नाही, दहा वर्षांनंतरचं कोणी अजून छापलेलं नसतं. फोनच्या कॅलेंडरात घाला, वर्षभर आधीची.