उभं राहून बोलले

२६ जानेवारी, रात्री साडेनऊ

आज ग्रामसभेत बोलले. फार तर दोन-अडीच मिनिटं असतील, पण उभी राहून, माइक हातात धरून बोलले. घरी आल्यावर भाकरी थापताना हात थरथरत होते. जेवणं उरकली तशी वही घेऊन बसले, उद्यापर्यंत यातलं निम्मं विसरेन म्हणून.

गेल्या ८ मार्चचं मनातून जातच नव्हतं. तालुक्याला बचत गटांचा मेळावा होता आणि गावातल्या सगळ्या गटांच्या ग्रामसंघाची सचिव म्हणून अहवाल मी वाचायचा होता. अहवाल मीच लिहिलेला, आकडे तोंडपाठ. "व्यासपीठावर उपस्थित" एवढं म्हणाले आणि घसा बंद झाला. जीभ टाळूला चिकटली. हातातला कागद असा फडफडत होता की पहिल्या रांगेतल्या बायकांनाही दिसत होता. पुढचं दुसऱ्या ताईंनी वाचलं. मी खाली बसून पायाच्या जोडव्याकडे बघत राहिले. त्यानंतर दहा महिने कुठल्याही कार्यक्रमात माझं नाव निघालं की "मुलीची परीक्षा आहे", "आत्यांना दवाखान्यात न्यायचंय" असं सांगून मागे राहिले.

मला कोडं पडायचं ते वेगळंच. गटाच्या बैठकीत मी तास तास बोलते. थकलेल्या हप्त्यावरून कुणाला समजावायचं असो नाहीतर बँकेत साहेबांना विचारायचं असो, कधी अडले नाही. मग उभं राहिलं की काय होतं? पुष्कळ दिवसांनी ध्यानात आलं. सतरंजीवर गोल करून बसलेल्या बाईकडे कुणी निरखून बघत नाही. ती उभी राहिली की तिचा पदर, पाय, रिकामे हात, सगळं लोकांच्या डोळ्यांत येतं. आणि आवाज मोठा करावा लागतो. माझं खरं दुखणं तिथं होतं.

माहेरी माझा आवाज मोठा होता. माण तालुक्यात रब्बीची ज्वारी असते. कणसात दाणा भरला की पाखरांचे थवे उतरतात. शाळेला जायच्या आधी मी माळ्यावर चढायची, गोफण फिरवायची आणि आरोळी द्यायची. दोन रानं ओलांडून ती चुलत्यांच्या विहिरीवर ऐकू जायची आणि ते हात वर करायचे. लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच आठवड्यात आत्या म्हणाल्या, "पोरी, सोप्यात मानसं बसल्याती, जरा हळू." सासूबाईंचा यात दोष नाही. त्यांनाही त्यांच्या सासूनं हेच सांगितलं असणार. मी वीस वर्षं हळू बोलले. इतकी हळू की मोठ्यानं बोलायची वेळ आली तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला.

३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती झाली. बाईंनी त्या दिवशी पंडिता रमाबाईंचीही एक आठवण सांगितली. १८८९ साली मुंबईत सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा मागच्या लोकांना ऐकू येईना. मोठ्यानं बोला असं म्हटल्यावर त्यांनी सभेला सुनावलं की आजवर तुम्ही बाईला आवाज मोठा करायची संधीच दिली नाही, मग तो लहान असला तर नवल काय. मुलं टाळ्या वाजवून पुढच्या गाण्याला लागली. मी मात्र तिथंच अडकले. एवढी शास्त्र शिकलेली, देशभर फिरून व्याख्यानं दिलेली बाई, तिच्याही बाबतीत गोष्ट आवाजावरच आली होती!

त्याच दिवशी मुलींचा संडास पाहिला. टाकी आहे, नळ आहे, भिंतीवर हात धुण्याचं चित्र आहे. पाणी नाही. मोटर जूनपासून जळलेली. सहावी-सातवीच्या मुली पाळीच्या दिवसांत तीन तीन दिवस घरी राहतात, हे बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन, दबक्या आवाजात सांगितलं. मीही दबक्या आवाजातच "हो का" म्हणाले.

हा विषय ग्रामसभेत मांडायचा, असं आम्ही गटात ठरवलं. कुणी मांडायचा म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

मग मी रानात सराव केला. आमचीही ज्वारी आता दाण्यात आहे, सकाळी पाखरं राखायला जावंच लागतं. बांधावर उभी राहून आधी नुसती आरोळी दिली. पहिल्या दिवशी खोकलाच आला. उपकेंद्रातल्या सिस्टरनी सांगितलं होतं की भीती वाटली की श्वास वरच्या वर होतो, म्हणून बोलायच्या आधी लांब श्वास सोडायचा. आरोळीचं तंत्र तेच आहे, पोटातून वारा आल्याशिवाय ती लांब जात नाही. चार दिवसांनी आरोळीच्या जागी वाक्य म्हणायला लागले. सगळं यायचं, एक शब्द सोडून. पाळी. रिकाम्या रानातसुद्धा तो मोठ्यानं निघेना. आजूबाजूला बघायची, कुणी नाही ना. सातव्या की आठव्या दिवशी डोळे मिटून ओरडले. ज्वारीतून चिमण्यांचा थवा भर्रकन उठला. मग पुन्हा ओरडले. किती वेळा ते मोजलं नाही.

महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. इतकी वर्षं सह्यांची वहीच घरोघर फिरायची. यंदा आम्ही हट्टानं काल समाजमंदिरात बसलो आणि विषय लिहून दिला.

आज झेंडावंदनानंतर सभा सुरू झाली. सुटा कागद नको म्हणून गटाची जाड खतावणी दोन्ही हातांत धरली होती. तिचं वजन बरं वाटलं. माझा विषय आला तेव्हा कानात नुसतं घुमत होतं. तोंड कोरडं पडलं, अगदी मेळाव्यासारखंच. भीती गेली नव्हती, हे मला इथं खरं लिहायचं आहे. श्वास सोडला. व्यासपीठावरच्या नावांची यादी म्हणायची नाही हे ठरवलंच होतं. सरळ म्हणाले, "आपल्या शाळेत ४३ मुली आहेत. मुलींच्या संडासात जूनपासून पाणी नाही. पाळी आली की पोरी शाळेत येत नाहीत."

सभा चिडीचूप झाली. पारावरच्या दोघांनी मान खाली घातली. मागून कुणीतरी म्हणालं, "हे हितं बोलायचं असतंय व्हय?" पाय लटपटले. पण आवाज पोटातून आला होता, तो तसाच राहिला. म्हणाले, "इथंच बोलायचं असतं दादा. घरात बोलून मोटर बसत नाही." बायकांच्या बाजूनं कुणीतरी "बराबर हाय" म्हणालं आणि मग एकदम पाच-सहा जणी बोलल्या.

ग्रामसेवक म्हणाले, निधी नाही. मी खतावणी उघडली. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, हे लिहून आणलं होतं. यंदा तो किती झाला आणि कशावर झाला, एवढंच विचारलं. त्यांनी सरपंच ताईंच्या यजमानांकडे बघितलं, सभेत नेहमी तेच उत्तर देतात. पण सरपंच ताईंनी आज स्वतः माइक ओढून घेतला. आपल्याकडे गावच्या कारभारात बायकांना कितीतरी वर्षं राखीव जागा आहेत, २०११ पासून निम्म्या. तरी या खुर्चीतून त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. दोनच शब्द बोलल्या, "ठराव लिहा." आवाज त्यांचाही कापत होता. मला ऐकू आला, कारण तो कसा कापतो ते मला ठाऊक आहे.

परतताना मुलगी हात धरून चालली होती. घरापर्यंत काही बोलली नाही, नुसता हात घट्ट धरला होता. हे म्हणाले, "नीट बोललीस." एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले. आत्या दारातच बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या सभेला येत नाहीत. मला वाटलं, आता हळू बोलण्यावरून काहीतरी ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "हितपतूर ऐकू आलं. आमच्या टायमाला चिंध्या वाळवायलाबी जागा न्हवती बग." त्यांनी ही गोष्ट माझ्याजवळ वीस वर्षांत कधी काढली नव्हती. मग चुलीपाशी बसून बरंच सांगत राहिल्या. मी भाकरी थापत ऐकत होते.

ठराव लिहिलाय की नाही ते बघायला सोमवारी पंचायतीत जायचं, नक्कल मागायची. मोटरचा दरही तालुक्याला विचारायचा आहे. सकाळी लवकर उठायला हवं, पाखरं उजाडताच उतरतात.