आवंढा

गुरुवार, म्हणजे आमच्या गावचा बाजार. बाहेर बाकावर पंचवीसेक पेशंट. कंपाउंडर मामा आत आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला आधी घ्या. मघापासून बघतोय, एकदाही आवंढा गिळला नाही. नुसतं रुमालात थुंकतंय."

पोरगा बावीस-तेवीसचा. सोमवारी मीच तपासला होता. घसा, ताप, गोळ्या, झालं. आज आईच बोलत होती. "कालपासून पाणीबी उतरंना, साहेब." मधेच तो काही म्हणाला, ते तोंडात गरम वडा धरून बोलल्यासारखं ऐकू आलं.

आधी नुसता श्वास ऐकला. आत ओढताना घरघर असती, तर जिभेला हातही लावला नसता. स्वरयंत्रावरचं झाकण सुजलेलं असलं तर तेवढ्या धक्क्यानं श्वास कोंडू शकतो. घरघर नव्हती. ऑक्सिजन 97.

"आ कर." जेमतेम एक बोट जाईल एवढंच तोंड उघडलं. एरवी तीन बोटं सहज जातात. टॉर्च तिरपी धरून पाहिलं, तर डाव्या बाजूचा टाळू फुगून लालभडक, आणि पडजीभ उजवीकडे सरकलेली. डावा कान ठणकत होता, पण कानात काही नव्हतं. ती कळ घशातूनच येत होती.

टॉन्सिलच्या बाहेरच्या अंगाला पू धरला होता. असा पू मानेत उतरतो, कधी थेट छातीपर्यंत. गोळ्या बदलून भागणार नव्हतं.

"इंजेक्शन मारा की एक, उद्या ऊस भरायचाय," आई म्हणाली. इंजेक्शन दिलंच, शिरेतून, सलाईनही लावलं. पण सोबत चिठ्ठीही दिली आणि चाळीस किलोमीटरवरच्या घशाच्या सर्जनला फोन लावला. गाडीवाल्याला बजावलं, "आडवा करू नको. बसवून ने, पुढं वाकून बसू दे."

रात्री नऊला सर्जनचा फोन. सुईनं आठ मिली पू निघाला होता. तोंड बरंच उघडतंय, पोरगा चहा मागतोय.

मामा दवाखाना बंद करत होते. मी सोमवारचा केसपेपर काढला. माझंच अक्षर: 'घसा लाल, ताप 101.' कुठली बाजू, ते लिहिलंच नव्हतं.